जुन्या करवतीचा जीर्णोद्धार

यंत्रांचे इतिहास बहुधा त्यांच्या जन्माचे असतात. कोणी कोणत्या साली कोणते यंत्र प्रथम घडविले, त्याचे पेटंट कोणाच्या नावे दाखल झाले आणि त्याच्या विक्रीवर कोणते कारखाने भरभराटीस आले, एवढा तपशील दिला की इतिहासकार आपले दप्तर मिटतो. परंतु कारखाना बरखास्त झाल्यानंतर, सुट्या भागांचा पुरवठा थांबल्यानंतर आणि ज्या कामगारांनी ते यंत्र खांद्यावर वाहिले ते कामातून निवृत्त झाल्यानंतरही जे यंत्र एखाद्या कोठारात धूळ खात पडून राहते, त्याचे पुढे काय होते हा प्रश्न मला तितकाच महत्त्वाचा वाटतो. अमेरिकेच्या व कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील अरण्यप्रदेशात जुन्या चेनसॉ, म्हणजे साखळीच्या यांत्रिक करवती, मिळवून त्या पुन्हा चालत्या करणारे जे चिकाटीचे लोक आहेत, त्यांनी ह्या प्रश्नाचे उत्तर लेखणीने नव्हे, पान्याने आणि कानशीने दिलेले आहे.

ह्या करवतीचे कुळ फार जुने नाही. अँड्रियास स्टिल ह्याने 1926 मध्ये स्टुटगार्ट येथे विजेवर चालणारी जी करवत तयार केली ती 64 किलो वजनाची होती व तिला दोन माणसे लागत. त्याच सुमारास एमिल लेर्प ह्याने थुरिंजियातील डोल्मार नावाच्या डोंगरावर पेट्रोलच्या करवतीची चाचणी घेतली आणि त्या डोंगराचेच नाव पुढे आपल्या कारखान्यास दिले. 1929 मध्ये स्टिलचीही पेट्रोलवर चालणारी करवत आली. तिचे वजन 46 किलो आणि शक्ती 6 अश्वशक्ती. त्यानंतर तीस वर्षांनी, 1959 मध्ये, त्याच कारखान्यातून बाहेर पडलेल्या ‘कॉन्ट्रा’ करवतीची शक्तीही 6 अश्वशक्तीच होती, परंतु तिचे वजन होते अवघे 12 किलो, आणि ती एकटा माणूस चालवू शकत असे. ह्या 34 किलोंच्या घटीतच ह्या यंत्राचा सारा पूर्वेतिहास साठलेला आहे, इतकेच नव्हे, तर आज ते दुरुस्त करू पाहणाऱ्यापुढे ज्या अडचणी उभ्या राहतात त्यांचेही मूळ तेथेच आहे, कारण ज्या ज्या युक्तीने करवत हलकी झाली, तिने तिने तिला नश्वरही केले.

पहिली युक्ती कार्बोरेटरची. आरंभीच्या करवतींत मोटारगाडीप्रमाणे तरंगत्या गोळ्याचा कार्बोरेटर असे. तो सरळ उभा असला तरच पेट्रोलची पातळी राखतो, आणि म्हणून उभे झाड आडवे कापताना इंजिन सरळच ठेवून केवळ पाते फिरविण्याची बोजड व्यवस्था करवतीत करावी लागे. 1950 च्या आसपास ओहायोतील टोलेडो येथील टिलटसन कंपनीचा डायफ्रामचा कार्बोरेटर प्रचारात आला आणि इंजिनातील दाबाच्या चढउतारावर हालणारा एक पातळ पडदाच पेट्रोल ओढू लागल्यामुळे करवत कुशीवर, उताणी, कशीही धरता येऊ लागली. दुसरी युक्ती धातूची: जड ओतकामाच्या जागी मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची कवचे आली. तिसरी साखळीची. ऑरेगन राज्यातील जोसेफ कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याने 1946 मध्ये एका ओंडक्यात लाकूड पोखरणारी अळी पाहिली, तिचे वक्र जबडे डावी-उजवीकडे कसे छिलके काढीत जातात हे निरखले, आणि 1947 मध्ये त्याच आकाराच्या दातांची साखळी पोर्टलंड येथील आपल्या घराच्या तळघरात बनवावयास घेतली. आज जगात चालणाऱ्या बहुतेक साखळ्या त्याच तत्त्वावरच्या आहेत. 1949 मध्ये रॉबर्ट मॅकलक ह्याच्या कॅलिफोर्नियातील कारखान्याने 25 पौंडांची ‘3-25’ ही करवत काढली, आणि दोन माणसांनी दोन बाजूंनी ओढावयाच्या लांब हातकरवतीचे राज्य त्या अरण्यांत झपाट्याने संपुष्टात आले.

आता दुरुस्तीकडे वळू. चाळीस-पन्नास वर्षे पडून राहिलेली करवत हाती आली की अननुभवी माणूस आधी तिची दोरी ओढतो. जाणता कारागीर तसे करीत नाही. तो प्रथम सायलेन्सर काढून धूर जाण्याच्या छिद्रातून पिस्टनची भिंत पाहतो. ती गुळगुळीत असेल तर यंत्राला आशा आहे. तिच्यावर उभे ओरखडे दिसले तर पिस्टन पूर्वी कधीतरी जाम झालेला आहे, आणि रिंगा बदलण्यापूर्वी तो का जाम झाला हे शोधणे प्राप्त आहे. ह्या शोधात जुन्या टू-स्ट्रोक इंजिनाचा स्वभाव कळून येतो. त्यात पेट्रोल, वंगण आणि हवा ह्यांचे मिश्रण आधी क्रँकच्या पेटीत शिरते आणि मग सिलिंडरमध्ये चढते. त्यामुळे क्रँकच्या टोकांवरील ऑइल सील कडक होऊन फटीतून आगंतुक हवा आत आली की मिश्रणातील पेट्रोलचे आणि त्याबरोबर वंगणाचे प्रमाण घटते, उष्णता वाढते आणि पिस्टन सिलिंडरला चिकटून बसतो. दहा रुपयांच्या रबराने दहा हजारांचे इंजिन जावे अशी ही गोष्ट आहे. म्हणून कारागीर सर्व छिद्रे बंद करून पेटीत थोडा दाब भरतो आणि तो टिकतो की उतरतो हे पाहतो. ही परीक्षा झाल्याखेरीज यंत्र सुरू करणे म्हणजे त्याचा घात करणे होय.

पुढील काम आपल्याकडील कोणत्याही जुन्या मिस्त्र्याला परिचयाचे वाटेल, कारण बजाजच्या टू-स्ट्रोक स्कूटरवर ज्याचा हात बसला त्याने हेच पॉइंट घासले, हाच कंडेन्सर बदलला आणि असाच प्लग उघडून ठिणगी पाहिली. पॉइंटमधील अंतर बहुधा 0.015 इंच. क्लच उतरविताना मात्र सावधपणा हवा: बहुतेक करवतींत त्याचे आटे उलटे असतात, आणि क्रँक फिरू नये म्हणून प्लगच्या छिद्रातून सिलिंडरमध्ये सुताची दोरी भरून पिस्टन अडवितात. लोखंडाचा तुकडा घातला तर पिस्टनला भोक पडते. कार्बोरेटरमधील डायफ्राम एव्हाना पापडासारखा कडक झालेला असतो. तो, त्याची पॅकिंगे आणि पेट्रोलची नळी हे बदलावेच लागतात, आणि आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असल्याने जुन्या जातीचे रबर त्यात अधिकच लवकर कुजते. मॅग्नेशियमच्या कवचाला तडा गेला असेल, किंवा ओलीने त्याची पांढरी भुकटी होऊ लागली असेल, तर प्रसंग बिकट. त्याचे जोडकाम साध्या कारागिराच्या आवाक्यातले नाही, कारण त्याचा कीस पेट घेतो.

सुटे भाग मिळवावयाचे कोठून? येथेच ह्या उद्योगाला संशोधनाचे स्वरूप येते. मॅकलकची अमेरिकन कंपनी 1999 मध्ये दिवाळखोरीत गेली. होमलाइट ह्या दुसऱ्या करवत-कंपनीची मालकी एकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहिली. स्वीडनमधील कित्येक नावे एका मोठ्या समूहात विलीन झाली. ज्यांचा कारखानदार उरला नाही अशा यंत्रांचा आधार म्हणजे त्यांची सचित्र पार्ट लिस्ट. तिच्यातील क्रमांकांवरून एकच सील, एकच बेअरिंग किंवा एकच डायफ्राम कोणकोणत्या करवतींत बसत असे हे कळते, आणि बंद पडलेल्या एखाद्या विक्रेत्याच्या फडताळात वेष्टनासह पडून राहिलेला कोरा माल ओळखता येतो. ऑइल सील तर पुष्कळदा दंडाचा व्यास, घराचा व्यास आणि जाडी एवढी तीन मापे दिली की बेअरिंगच्या साध्या दुकानातही मिळते. रिंगा व पिस्टन इटलीत बनतात आणि ते चांगले असतात. चीनमध्ये स्टिलच्या 070 करवतीच्या इतक्या नकला निघाल्या आहेत की तिच्या भागांना तोटा नाही, फक्त त्यांची घडण पारखून घ्यावी लागते. पूर्वीच्या अर्ध्या इंच पिचच्या साखळ्या मात्र दुर्मिळ झाल्या, म्हणून पुष्कळजण दातचक्र बदलून 0.404 इंचाची साखळी चढवितात. आणि ह्यातले काहीच साधले नाही तर तीन मेलेल्या करवतींतून एक जिवंत करावयाची, ही सर्वांत जुनी वहिवाट आहेच.

इतके भाग बदलल्यावर ती करवत जुनी राहिली काय, असा आक्षेप कोणी घेईल. ह्या आक्षेपाला त्या रॉबर्ट मॅकलकच्याच आयुष्यात एक विलक्षण दृष्टांत सापडतो. त्याने 1968 मध्ये लंडनचा 1831 सालचा पूल विकत घेतला, त्याच्या दगडांवर क्रमांक घातले गेले, आणि ॲरिझोनातील लेक हवासू सिटी येथे 1971 मध्ये तो पुन्हा उभा राहिला. परंतु आत भार वाहणारा सांगाडा नव्या सिमेंट-काँक्रीटचा असून जुने दगड त्याच्या अंगावर बसविलेले आहेत. आतले बदलले तरी वस्तू तीच, हा न्याय मला पुलास लागू करावयाचा असेल तर किंचित कचरावे लागेल, पण करवतीस तो निःसंकोच लागू होतो. करवत हे झिजण्यासाठीच केलेले यंत्र आहे. तिची साखळी, पाते, रिंगा आणि रबर तिच्या उमेदीच्या काळातही दर हंगामात बदलले जात होते. ज्याने ते बदलले त्याने तिच्या मूळ रीतीचेच पालन केले. उलट, तिच्या कवचावरचा मूळ रंग खरवडून आरशासारखा नवा रंग देणारे आणि इंजिन तसेच मृत ठेवणारे लोक माझ्या मते तिचा अपराध करतात. कारण हाताच्या घर्षणाने जेथे रंग उडाला आहे तेथेच त्या कामगाराचा एकमेव दस्तऐवज उरलेला असतो. त्या कामगारांनी सोसलेलेही विसरू नये: कंप शोषणारे दांडे 1960 च्या दशकात येऊ लागेपर्यंत ह्या यंत्रांच्या हादऱ्यांनी बोटे पांढरी व बधिर होण्याचा विकार लाकूडतोड्यांत सर्रास आढळे.

जुन्या करवतींना साखळी क्षणात थांबविणारा ब्रेक नाही. तो 1970 च्या दशकात रूढ झाला. तेव्हा अशी करवत ज्याने जिवंत केली त्याने तिच्यावर रोजचे काम लादू नये. आणि आणखी एक विनंती सर्व दुरुस्ती करणाऱ्यांना, मग यंत्र करवत असो, तेलाचे इंजिन असो की शिवणयंत्र: कोणता भाग कोणत्या साली बदलला, तो कोणत्या मापाचा होता व कोठून आणला, ह्याची नोंद कागदावर लिहून यंत्राबरोबर ठेवावी, आणि काढलेला जुना भाग भंगारात न टाकता त्या कागदात गुंडाळून ठेवावा.