लक्ष्मीबाईंचं सोवळं आणि आपली बिरादरी

दिंद्रुडला वर्गात ‘स्मृतिचित्रे’विषयी सांगत होते. एका मुलीनं विचारलं, “मॅडम, नवऱ्यानं धर्म बदलला म्हणून त्यांनीही बदलला ना?” आजकाल धर्मांतर म्हटलं की मोठी माणसंही एवढाच हिशेब करतात: दबाव, नाहीतर लालूच. तास संपला आणि उत्तर अर्धं राहिलं. ते इथं पूर्ण करते.

लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म १८६८ चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. वडिलांचं सोवळं इतकं कडक की बाजारातून आलेले जिन्नसही धुऊन घरात घ्यायचे. लहान वयातच कवी नारायण वामन टिळकांशी लग्न झालं. १८९५ च्या फेब्रुवारीत टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, आणि लक्ष्मीबाईंचा संसार एका दिवसात मोडला. नातेवाइकांनी त्यांना आपल्याजवळ ठेवून घेतलं. काही वर्षं त्या पतीपासून दूर राहिल्या.

पुढे मुलाला घेऊन त्या नगरला पतीकडे आल्या, पण आपला धर्म आणि आपलं सोवळं सोबत घेऊनच. पती ख्रिस्ती आणि पत्नी हिंदू, असा तो संसार होता. नवऱ्यामागं मुकाट्यानं जाणारी बाई अशी वागत नाही.

खरा बदल झाला राहुरीला. आपल्या बीडची माणसं आजही ऊस तोडायला जातात, तोच हा नगर जिल्हा. तिथं लक्ष्मीबाईंनी स्वतःलाच विचारलं, ही जात देवानं केली की माणसानं? देवानं केली नाही, असं मनाला पटलं आणि त्याच क्षणी जन्मभराचं सोवळं सुटलं. कुणाच्याही हातचं खायची-प्यायची तयारी झाली. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० चा. आधी मन बदललं, मग नाव.

नाव बदलून त्या थांबल्या नाहीत. ज्या घरात परक्याची सावली चालत नव्हती, त्या घरातल्या या बाईनं अनाथ पोरांना पोटाशी धरलं, प्लेगच्या साथीत आजाऱ्यांची सेवा केली. शाळेची पायरी न चढलेल्या लक्ष्मीबाई कविता करू लागल्या. टिळक १९१९ मध्ये गेले तेव्हा त्यांचं ‘ख्रिस्तायन’ अपुरं होतं. लक्ष्मीबाईंनी त्याचे ६४ अध्याय लिहिले.

टिळकांचंही एक सांगायला हवं. १९१७ मध्ये ते मिशनमधून बाहेर पडले आणि ‘देवाचा दरबार’ उभा केला. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, त्या दरबारात दोघांनाही जागा होती. ‘दरबार’ हा आपल्या फारसी-उर्दूतून मराठीत आलेला शब्द. उर्दू शिकवणाऱ्या मला तो तिथं भेटला, याचा आनंद वाटतो.

मी मुसलमान आहे, माझा ईमान माझ्याजवळ आहे. लक्ष्मीबाईंची श्रद्धा माझी नाही. तरी त्यांची गोष्ट मला सोडत नाही, कारण ती मला माझ्याच घराबद्दल विचारते. अरबाला अजमावर श्रेष्ठत्व नाही, हे आपण हज्जतुल विदाच्या खुतब्यातून लहानपणीच शिकतो. मशिदीत एका सफीत खांद्याला खांदा लावून उभे राहतो. पण सोयरिकीची गोष्ट निघाली की पहिला प्रश्न काय असतो? “बिरादरी कोणती?” अमुक मोमीन, तमुक बागवान, हे पिंजारी, ते अत्तार. सफ मशिदीच्या दारातच मोडते.

लक्ष्मीबाईंना त्यांच्या श्रद्धेनं चुलीपाशी बदललं. ताटात कुणाच्या हातचं पडतं, उंबऱ्याच्या आत कोण येतं, तिथं तो बदल दिसला. आपल्याला बराबरीचा धडा चौदाशे वर्षांपूर्वी मिळालाय, तो अजून चुलीपर्यंत का पोहोचत नाही?

त्या मुलीला उद्या सांगेन, “बेटा, नवऱ्यानं बदलला म्हणून नाही. त्यांनी विचार केला म्हणून.” पुढच्या पाच-सहा वर्षांत तिच्याही सोयरिकीची गोष्ट निघेल. तेव्हा तिच्या घरातल्या मोठ्यांनी पहिला प्रश्न वेगळा विचारावा, एवढीच दुआ.