नातवंडं सांभाळणाऱ्या आज्यांसाठी

दिवाळी झाली की आपल्या बीडातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मागं आजी अन् लेकरं. काहींचे मायबाप तर कायमचेच गेलेले. आजीच सांभाळते, त्यात काय विशेष, असं आपण धरून चालतो.

1874 मध्ये जोतीराव-सावित्रीबाईंनी काशीबाई या विधवेचा मुलगा यशवंत दत्तक घेतला. तो डॉक्टर झाला. 1897 च्या प्लेगात मायलेक रुग्णसेवेत होते, त्यातच सावित्रीबाई गेल्या. राज्याच्या बालसंगोपन योजनेला आज त्यांचंच नाव आहे. आई किंवा बाप गमावलेल्या, नातेवाइकाकडं वाढणाऱ्या मुलासाठी महिन्याला 2250 रुपये. आधी 1100 होते, त्याआधी तर फक्त 425!

अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात जातो. तुमच्या गल्लीत अशी आजी असेल, तर कागदं तेवढी गोळा करून द्या.