भूल देणाऱ्याची उमेदवारी

जुन्नर तालुक्यांतील ओझर येथें कुकडीच्या कांठीं विघ्नेश्वराचें देऊळ आहे. त्या बाजूचा रोगी मोठ्या शस्त्रक्रियेसाठीं पुण्यास निघाला, तर घरच्यांनीं आधीं त्या देवापुढें नारळ ठेवावा यांत नवल नाहीं. पुण्यास पोंचल्यावर त्याच्या उशाशीं जो तरुण डॉक्टर उभा राहतो, त्याच्याकडे मात्र कोणाचें फारसें लक्ष जात नाहीं. सुरी कोणी चालविली हें रोगी जन्मभर सांगतो. भूल कोणी दिली हें त्यास बहुधा ठाऊकच नसतें. श्रोतेहो, आज या उशाशीं उभ्या राहणाऱ्या माणसाच्या उमेदवारीविषयीं बोलावयाचें आहे.

१८४६ सालीं बोस्टन येथें ईथरचा, आणि पुढच्याच वर्षीं एडिंबरो येथें क्लोरोफॉर्मचा प्रयोग यशस्वी झाला. औषध आलें, तें देण्याची विद्या शिकविणारा गुरु मात्र आला नाहीं. तोंडावर फडकें धरावें आणि शिशींतून थेंब थेंब सोडावे, एवढेंच काम समजून तें हाताशीं असेल त्या विद्यार्थ्यावर सोंपविलें जाई. १८४८ च्या जानेवारींत इंग्लंडांत हॅना ग्रीनर नांवाची पंधरा वर्षांची मुलगी पायाचें नख काढतांना क्लोरोफॉर्मखालीं दगावली. नखासारख्या क्षुल्लक कामांत जीव गेला, तेव्हां प्रश्न उभा राहिला: श्वास आधीं थांबतो कीं हृदय?

या वादाचें रणांगण झालें हैदराबाद. तेथील मेडिकल स्कूलचे प्रमुख एडवर्ड लॉरी यांचा आग्रह असा कीं, शिष्यानें नाडी सोडून द्यावी व डोळा केवळ श्वासावर ठेवावा. १८८८ व १८८९ सालीं निजामाच्या आश्रयानें दोन चौकशी-मंडळें बसलीं. दुसऱ्या वेळीं ‘लॅन्सेट’ पत्राचा प्रतिनिधि म्हणून लॉडर ब्रंटन विलायतेहून आले. प्राण्यांवर प्रयोग झाले आणि निकाल लॉरींच्या बाजूनें लागला. त्याच शाळेंत १८८५ सालीं दाखल झालेल्या रूपाबाई फर्दुनजी या पारशी विद्यार्थिनी तेथेंच क्लोरोफॉर्म देण्यांत तरबेज झाल्या. जगांतील पहिल्या स्त्री-भूलतज्ज्ञांत त्यांची गणना होते. पुढें १९०९ सालीं त्या अधिक अभ्यासासाठीं एडिंबरोस गेल्या. मला हें विशेष वाटतें, कारण त्या काळीं विलायतेंतही या कामास स्वतंत्र शास्त्राची प्रतिष्ठा पुरती लाभली नव्हती.

परंतु लॉरींचें म्हणणें अर्धेंच खरें होतें. १९११ सालीं लेव्ही यांनीं दाखवून दिलें कीं, भूल उथळ असतांना क्लोरोफॉर्मनें हृदय एकाएकीं फडफडून बंद पडूं शकतें, आणि तें श्वास चालू असतांनाही! म्हणजे नाडी सोडून देण्याचा उपदेश जीवावर बेतणारा होता. गुरूचा ठाम शब्द शिष्याच्या बोटांत किती वर्षें राहतो, याचा विचार मनांत आला कीं अस्वस्थ व्हावयास होतें.

१२ जानेवारी १९२४ ची रात्र पुणेंकरांस माहीत आहे. येरवड्याच्या तुरुंगांतून आणलेल्या महात्माजींच्या आंत्रपुच्छावर ससून रुग्णालयांत कर्नल मॅडॉक शस्त्रक्रिया करीत असतां विजेचे दिवे गेले; हातबत्तीही विझली, आणि शेवट कंदिलाच्या उजेडांत झाला. शल्यवैद्यास कंदील तरी मिळाला. उशाशीं बसलेल्यास ओठांचा रंग त्या अंधुक प्रकाशांत काय दिसणार? कानांवर येणारा श्वास व बोटाखालील नाडी, एवढाच त्याचा आधार.

आजच्या उमेदवारास नाडीचा व रक्तांतील प्राणवायूचा सूर यंत्र ऐकवितें. ही युक्ति जपानांत आओयागी यांनीं १९७० नंतर शोधून काढली. प्राणवायू उतरला कीं सूरही उतरतो, व जुना भूलतज्ज्ञ पाठमोरा असला तरी चटकन् वळतो. एम्. बी. बी. एस्. नंतर एम्. डी. चीं तीन वर्षें या सुराच्या सोबतींत जातात. हनुवटी उचलून जीभ मागें पडूं न देणें, श्वासनलिकेंत नळी घालणें, पाठींत सुई देणें हें प्रथम वडीलधाऱ्यांच्या देखत. रात्रपाळींत मात्र पुष्कळदां आपल्याच धीरावर सुरुवात करावी लागते.

आणि आदल्या दिवशीं रोग्याकडे जाऊन चौकशी करावी लागते. पोट भरलेलें असल्यास भुलेंत अन्न उलटून फुप्फुसांत जातें व प्राणावर बेततें. म्हणून घन अन्नानंतर सहा तास तरी जावे लागतात. आमच्याकडे येथें एक निराळीच अडचण येते. चतुर्थीच्या सकाळीं उमेदवार विचारतो, “आजी, उपास आहे ना?” आजी भक्तिभावानें म्हणतात, “कडक आहे रे बाबा, मघाशीं वाटीभर साबुदाण्याची खिचडी खाल्ली तेवढीच.” मग तो वरिष्ठांकडे जातो आणि ती शस्त्रक्रिया दुपारवर ढकलली जाते.