मेझे आणि मजा

पिरियस हे अथेन्सचं बंदर. तिथून टॅक्सीने दहा-पंधरा मिनिटांवर निकेआ नावाची वस्ती आहे. 2016 च्या ऑक्टोबरमध्ये तिथल्या एका गल्लीत मी मासे खायला बसलो होतो. सोबत माझा आतेभाऊ. तो जहाजावर नोकरीला, त्यामुळे पिरियस त्याला वास्कोइतकंच पाठ. बंदरावरच्या चकचकीत हॉटेलांकडे माझी पावलं वळताना पाहून तो म्हणाला होता, "दादा, थंय नाका. बरें नुस्तें खावपाचें जाल्यार म्हज्या फाटल्यान यो."

अशा खाणावळीला ग्रीक लोक 'प्सारोताव्हेर्ना' म्हणतात. प्सारी म्हणजे मासा. आठ-दहा टेबलं, लाकडी खुर्च्या, टेबलावर कागद अंथरलेला आणि तो वाऱ्याने उडू नये म्हणून कडेला चाप. मासा आपण आत जाऊन बर्फावरून निवडायचा आणि तो वजन करून किलोच्या भावाने घ्यायचा. जे गोठवलेलं असेल त्याच्यापुढे मेनूत तशी खूण करणं तिथे कायद्याने बंधनकारक आहे. (हा कायदा आपल्या किनाऱ्यावर आला तर किती शॅकांचे मेनू खुणांनी भरून जातील, असं मनात आलंच.)

आधी लहान बशा यायला लागल्या. पिठात घोळवून तळलेले गाव्रोस, आपल्या मांदेलीसारखे अख्खेच तोंडात टाकायचे. निखाऱ्यावर भाजलेला ऑक्टोपस. माशाच्या गाबोळीची तारामोसलाता. उकडलेल्या रानभाज्या, वर ऑलिव्हचं तेल आणि लिंबू. सोबत उझो. बडीशेपेच्या वासाची ही दारू पाण्यासारखी नितळ असते, पण पाणी घातलं की दुधासारखी पांढरी होते. बशा टेबलाच्या मध्ये ठेवतात आणि सगळे त्यातूनच खातात. उष्टं-खरकटं पाळणाऱ्या घरात वाढलेल्या माझ्यासारख्याला सुरुवातीला जरा जड गेलं, दुसऱ्या ग्लासानंतर नाही.

या बशांना म्हणतात मेझे. शब्द ग्रीकमध्ये आला तुर्कीतून आणि तुर्कीत फारसीतून. फारसीत त्याचा अर्थ चव. हाच फारसी शब्द पूर्वेकडे आपल्यापर्यंतही आला आणि मराठीत 'मजा' झाला. म्हणजे जिभेवरचा शब्द ग्रीकांनी बशीत ठेवला, आपण मनात नेला.

'प्सारी' या शब्दाची कथा तर याहून जुनी. प्राचीन ग्रीकांच्या जेवणाचे दोन भाग असत. भाकरी किंवा पाव हे मुख्य अन्न, त्याला नाव 'सीतोस'. त्याच्याबरोबर जे तोंडीलावणं असेल ते 'ऑप्सॉन', मग तो कांदा असो, चीज असो की मांस. पण समुद्रकाठच्या या लोकांना मासळीचं वेड इतकं की हळूहळू ऑप्सॉन म्हटलं की मासाच समजू लागले. तोंडीलावणी अनेक असली तरी ते नाव माशानेच जिंकून नेलं, असं इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातल्या प्लुटार्कने नोंदवून ठेवलं आहे. ऑप्सॉनचं लघुरूप ऑप्सारिऑन, आणि त्याचंच झिजून प्सारी. योहानाच्या शुभवर्तमानात पाच भाकरी आणि दोन मासे घेऊन आलेला मुलगा आहे ना, त्याच्या माशांना मूळ ग्रीक मजकुरात हाच शब्द आहे. शितावर हुमण नसेल तर जेवल्यासारखं न वाटणाऱ्या गोंयकाराला हे वेगळं समजावून सांगायला नको.

असो. मालक सत्तरीचा असावा. आम्ही गोव्याचे हे कळताच तो म्हणाला, "मोर्मुगाव!" तरुणपणी तोही जहाजावर होता आणि खनिज भरायला मुरगावला येऊन गेला होता. मग तो खुर्ची ओढून आमच्याजवळच बसला. माझ्या भावाला कामापुरतं ग्रीक येतं, मालकाला बोटीवरचं इंग्रजी, त्यामुळे निभावलं.

त्याची आजी व्हुर्लाची. व्हुर्ला म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं उर्ला, स्मिर्नाजवळचं. स्मिर्नाचं आजचं नाव इझमीर. पहिल्या महायुद्धानंतर 1919 मध्ये ग्रीक सैन्य स्मिर्नात उतरलं, आत अंकाराच्या दिशेने गेलं आणि 1922 मध्ये पार मोडलं. सप्टेंबर 1922 मध्ये तुर्की सैन्य स्मिर्नात शिरलं, काही दिवसांतच शहर पेटलं आणि लाखो माणसं धक्क्यावर अडकून पडली. 18 ते 45 वयाच्या पुरुषांना कैदी म्हणून आत नेण्यात आलं. त्यांतले फार थोडे परतले. आजीचे दोन भाऊ परतले नाहीत. ती आईबरोबर पिरियसला उतरली तेव्हा सतरा वर्षांची होती.

30 जानेवारी 1923 ला लोझानमध्ये लोकसंख्येच्या अदलाबदलीचा करार झाला. अदलाबदल सक्तीची होती आणि कसोटी एकच, धर्म. भाषा कोणी विचारली नाही. तुर्की सोडून दुसरी भाषा न येणारे ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती ग्रीसमध्ये आले आणि पिढ्यान्‌पिढ्या ग्रीक बोलणारे क्रीट बेटावरचे मुसलमान तुर्कस्तानात गेले. ग्रीसमध्ये आलेले 12 लाखांहून अधिक, तिथून गेलेले साडेतीन-चार लाख. 1928 च्या जनगणनेत ग्रीसची लोकसंख्या 62 लाखांच्या आसपास होती, म्हणजे पाचांतला एक निर्वासित. निकेआ ही अशाच निर्वासितांची वस्ती. आधी तिचं नाव कोकिनिया होतं.

आलेल्यांचं स्वागत झालं असं समजू नका. त्यांना 'तुर्कांची बीजं' म्हणत. आणखी एक शिवी होती, 'दह्यात बाप्तिस्मा झालेले', कारण त्यांच्या स्वयंपाकात दही फार. आजीच्या मटणाच्या मुटक्यांना जिऱ्याचा वास यायचा म्हणून शेजारीण खिडकी लावून घ्यायची, असं मालक म्हणाला. आज त्याच मुटक्या, सुत्सुकाकिया, त्याच्या मेनूत 'स्मिर्नाच्या' म्हणून मिरवत होत्या, अगदी मासळीच्या खाणावळीतसुद्धा. हे ऐकताना मला आपल्याकडचा 1736 चा इन्क्विझिशनचा फतवा आठवला. नवख्रिस्त्यांनी हिंदूंसारखा बिनमिठाचा भात शिजवू नये, असं त्यात एक कलम होतं. माणसाचा धर्म त्याच्या टोपात शोधायची खोड जुनी आहे.

आणि टोप काही नीट साक्ष देत नाही. ग्रीकांच्या टेबलावरची त्झात्झिकी हा तुर्की 'जाजिक'च. उलट तुर्कांनी माशांची नावं ग्रीकांकडून घेतली. ऑक्टोपस त्यांच्याकडे 'अह्तापोत'. ग्रीक 'त्सिपुरा', तुर्की 'चिपुरा'. ग्रीक 'केफालोस', तुर्की 'केफाल'. आमच्यासमोरच्या उकडलेल्या रानभाज्या आयवालिकच्या बाजूला, क्रीटहून हाकललेल्या मुसलमानांच्या नातवंडांच्या घरी, अशाच तेल-लिंबात खातात.

तेवढ्यात मुख्य मासा आला, लाव्राकी. अख्खा भाजलेला, मधून चिरून उघडलेला, वर फक्त तेल-लिंबाचं फेटलेलं मिश्रण. मसाला नाही. आपल्या जिभेला हे आधी अपुरं वाटतं. पण यामागेही परंपरा आहे. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात गेला या सिसिलीतल्या गावचा आर्केस्ट्राटोस नावाचा एक खवय्या कवी होऊन गेला. कुठल्या बंदरात कोणता मासा खावा यावर त्याने काव्यच रचलं. ते आता तुकड्या-तुकड्यांतच उरलं आहे, आणि तेही आथेनेअसने पुढे आपल्या ग्रंथात उतरून घेतलं म्हणून. लाव्राकी आणि केफालोस खायचे तर मिलेटसचे, असं त्याचं मत. आणि सिराक्यूजच्या आचाऱ्याला जवळ फिरकू देऊ नये, तो चीज घालून मासा नासवतो! चांगल्या माशाला मसाला नको, हा त्याचा हट्ट. (रेशाद भरलेल्या बांगड्यासाठी मी त्याच्याशी भांडायला तयार आहे.)

मिलेटस आज तुर्कस्तानात आहे, आणि बंदर तर गाळाने भरून समुद्रापासून कित्येक किलोमीटर आत गेलं आहे. आमचा लाव्राकी मात्र समुद्रातल्या जाळीच्या पिंजऱ्यात वाढवलेला होता. 1980 च्या दशकापासून ग्रीसमध्ये हा धंदा फार वाढला. मोकळ्या समुद्रातला लाव्राकी बर्फावर होता, पण त्याचा भाव ऐकून भावाने माझा हात मागे ओढला. मालकानेही लपवलं नाही.

शेवटी न मागता द्राक्षांची बशी आली. तिचे पैसे घेत नाहीत. भावाने काटे बाजूला सारत मालकाला विचारलं, तुझी आजी या माशाला काय म्हणायची?

"घरात लाव्राकी," तो म्हणाला. मग जरा थांबून, "बाजारात, दुसऱ्या व्हुर्लावाल्या बायका भेटल्या आणि आजूबाजूला कोणी नसलं, की लेव्रेक."