नेमार आला नाही, पण अल हिलाल आला कसा?

6 नोव्हेंबर 2023 आठवतो? नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर मुंबई सिटी विरुद्ध सौदीचा अल हिलाल. आमच्या उंद्रीतली पोरं एकच विचारत होती, नेमार येणार का? तो जखमी होता, आला नाही. मुंबई 0-2 हरली.

पण या सामन्याचं दार सात महिने आधीच उघडलं होतं. 4 एप्रिल 2023 ला केरळच्या मंजेरीत आशियाई चॅम्पियन्स लीगची पात्रता लढत झाली. मुंबईनं जमशेदपूरला 3-1 हरवलं. तिथं हरले असते, तर अल हिलाल इकडे फिरकलाही नसता.

हेच दार 2014 मध्ये पुणे एफसीसमोर बंद झालं. हनोईत पात्रतेचा एकच सामना, 0-3, विषय संपला. आज तो क्लबही नाही.

ऑगस्ट 2025 मध्ये एफसी गोवानं फातोर्ड्यात ओमानच्या अल सीबला 2-1 हरवलं, म्हणून ऑक्टोबरमध्ये अल नस्र गोव्यात आला. रोनाल्डो नव्हताच! आणि ही स्पर्धा आता दुसऱ्या दर्जाची. वरच्या दर्जात आपल्या क्लबांना जागाच उरलेली नाही.

आपल्या शालेय स्पर्धांचंही तसंच. तालुका, जिल्हा, विभाग, मग राज्य. राज्यावर गेलेल्या पोराचा फोटो मी छापतो. चिखलीत तालुक्यालाच हरलेल्यांची बातमी किती वेळा दिली? खरं सांगतो, जवळपास नाहीच.

ही चूक माझी. यंदा तालुक्याच्या सामन्यापासून जाणार. तुम्हीही या.