शोभेच्या दारूची सेवा

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत पाककृती, कविता आणि अहवाल दरवर्षी असतातच. यंदा इतिहासावरही एखादा लेख असावा, असे चिटणीसबाईंनी सुचविले आणि ते काम माझ्याकडे आले. विषय मी मुद्दाम निराळा घेतला आहे. तो म्हणजे शोभेची दारू, आणि पदरमोड करून ती गावासाठी उडविणारी हौशी मंडळे.

'दारू' हा शब्द वाचून कित्येक भगिनींच्या भुवया वर चढतील. साहजिकच आहे, दारूबंदीसाठी आपल्या जिल्ह्यातल्या बायकांनी मोर्चे काढलेले आहेत. परंतु हा शब्द मूळचा फारसी आणि त्याचा अर्थ औषध असा. बंदुकीच्या दारूला आपण आजही 'दारूगोळा' म्हणतो. युद्धात जी माणसे मारते, तीच उत्सवात आकाशात फुले फुलविते, म्हणून ती शोभेची.

आपल्या देशात ही कला केव्हा आली, याचा शोध पुण्याच्या भांडारकर संस्थेतील विद्वान परशुराम कृष्ण गोडे यांनी घेतला आणि तो 1953 साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. इराणी वकील अब्दुर रझाक 1443 साली विजयनगरला होता. तिथल्या महानवमीच्या उत्सवात त्याने आतषबाजी पाहिली. ओरिसाचा राजा प्रतापरुद्रदेव याची कारकीर्द 1497 ते 1539. त्याच्या 'कौतुकचिंतामणि' ह्या संस्कृत ग्रंथात आतषबाजीच्या कृती दिलेल्या आहेत. सोरा, गंधक आणि कोळसा ही मूळची त्रयी; तिच्यात लोखंडाचा कीस मिसळला, की सोनेरी ठिणग्या उडतात. आपल्या एकनाथमहाराजांनी 'रुक्मिणीस्वयंवर' 1571 साली पूर्ण केले. त्यातल्या लग्नसोहळ्यातही आतषबाजी आहे.

पेशवाईतली एक हकीकत तर मोठी गोड आहे. महादजी शिंदे 1792 साली पुण्यास आले. कोट्याच्या राजाकडे दिवाळीत दारूकामाची लंका उभारतात आणि मारुती ती जाळतो, असे वर्णन त्यांनी सवाई माधवरावांना ऐकविले. पेशवे त्या वेळी अठरा-एकोणीस वर्षांचे. त्यांना ते पाहण्याची ओढ लागली. तेव्हा पर्वतीच्या पायथ्याशी तशीच लंका उभारण्यात आली आणि पेशव्यांनी ती पर्वतीवरून पाहिली, असे पेशव्यांच्या बखरीत आहे.

आतषबाजी ही अशी राजेरजवाड्यांची आणि लग्नघरांची मिरवणूक होती. खर्च धन्याचा, काम कारागिरांचे, आणि पाहणारी रयत दूर उभी. पण तीच कला पुढे काही गावांनी आपलीशी केली. त्यांतले आपल्या महाराष्ट्रातले ठळक उदाहरण म्हणजे सांगली जिल्ह्यातले, तासगाव तालुक्यातले कवठे एकंद. माझे माहेर त्याच बाजूचे, म्हणून हे गाव मला परके नाही.

तिथले ग्रामदैवत श्री सिद्धराज. विजयादशमीच्या रात्री देवाची पालखी निघते आणि तिच्यापुढे शोभेची दारू उडते. ती बहुतेक रात्रभर चालते. बाहेरून कंत्राटदार आणून हे काम होत नाही. गावात ठिकठिकाणची मंडळे आहेत. शेतकरी, कामगार, शिकणारी मुले, नोकरीसाठी परगावी गेलेले व दसऱ्याला परतणारे, असे सर्व त्यांत असतात. वर्गणी जमते, सामान येते, नळ्या भरल्या जातात. कोणाचे औट, कोणाची लाकडी वा कागदी शिंगटे, कोणाची झाडे, चक्रे आणि धबधबे. वर्षाचे हे श्रम एका रात्रीत देवापुढे जळून जातात. बक्षीस नाही, मोबदला नाही. आपले काम पालखीपुढे उडाले, एवढेच समाधान. हिलाच गावची माणसे सेवा म्हणतात.

आपल्या यवतमाळच्या दुर्गोत्सवात मांडव आणि देखावे उभे करणारी मुले रात्र रात्र जागतात, ती आपण पाहतोच. त्यावरून ह्या सेवेची कल्पना येईल. फरक एवढाच, की तिथे हाताखाली बांबू आणि कापड नसून दारू असते.

आणि इथेच बायकांचा संबंध येतो. पालखीपुढे हौसेने उभे राहतात ते पुरुष. पण वाट पाहत बसतात त्या आया आणि बायका. माझ्या लहानपणी, ज्या घरच्या मुलांनी हे काम हाती घेतले असेल, त्या घरच्या बाईला दसऱ्याआधीचे दिवस जड जात. चुलीतला निखारा कोणी कुठे नेला, लहान पोर कुठे खेळते आहे, इकडेच तिचे सारे लक्ष. मुलगा सुखरूप घरी आला, की तिचा दसरा झाला.

ही भीती पोकळ नव्हे. 2015 सालच्या मे महिन्यात कवठे एकंद येथे फटाक्यांच्या कारखान्यात स्फोट झाला आणि अनेकांचे प्राण गेले. हा अपघात उत्सवातला नव्हता. पण पदार्थ तोच आणि हात गरीब माणसांचेच.

दारू धोकादायक का, हेही समजून घेतले पाहिजे. जळायला हवा लागते, हे चूल पेटविणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक आहे. सोरा मात्र आपला प्राणवायू आपल्याबरोबरच आणतो. त्यामुळे ही दारू बंद नळीतही जळते आणि कोंडली गेली, की फुटते. जुन्या दारूकामात सोनेरी-पांढरा उजेड असे. लाल-हिरवे झगझगीत रंग एकोणिसाव्या शतकात, पोटॅशियम क्लोरेट हाती आल्यावर साधले. पण हे क्लोरेट गंधकात मिसळले, तर नुसत्या घासण्यानेही भडकते. म्हणून 1992 साली भारत सरकारने फटाक्यांत ह्या दोहोंच्या मिश्रणास बंदी केली. स्फोटक पदार्थांचा मूळ कायदा त्याहून कितीतरी जुना, 1884 सालचा आहे. परवान्याशिवाय दारू तयार करता येत नाही, आणि हे परवाने पाहणाऱ्या केंद्रीय संघटनेचे मुख्य कार्यालय आपल्या नागपूरलाच आहे.

मग ही प्रथा बंदच करावी काय? असे म्हणणारे आहेत, आणि त्यांचा हेतू चांगला आहे. पण गावाने स्वतः केलेली दारू थांबली, म्हणजे उत्सवातली दारू थांबते असे नाही. तिच्या जागी शिवकाशीची खोकी येतात. मग ज्याच्याकडे पैसा जास्त त्याचा आवाज मोठा. कला जाते, धूर मात्र राहतो.

याच पेचात सापडलेला आणखी एक समाज आहे. भूमध्य समुद्रात माल्टा नावाचा चिमुकला देश आहे. तिथे गावोगाव ग्रामसंताचा उत्सव असतो आणि त्यासाठी गावचे हौशी लोक वर्षभर दारूकाम करतात. तिथेही अपघात झाले. 2010 साली तर एका स्फोटात एकाच कुटुंबातली अनेक माणसे गेली. तरी प्रथा सुटली नाही. मात्र तिथे हे काम राहत्या घरात चालत नाही. वस्तीबाहेरच्या परवानाधारक जागेत, परवाना मिळविलेली माणसे ते करतात.

मला वाटते, आपल्याकडेही मार्ग हाच. सेवा गावाची राहू द्यावी, पण ती स्वयंपाकघराच्या भिंतीआड होऊ नये. काम गावाबाहेर, परवान्याच्या जागी, जाणत्याच्या देखरेखीखाली व्हावे. लहान मुलांना तिथे मज्जाव असावा. आवाजाची चढाओढ सोडून उजेडाची कला जपावी. पर्वतीखालची लंका पेशव्यांनी डोळे भरून पाहिली, ती कानठळ्या बसविण्यासाठी नव्हती.

आणि हे ठरविताना बायकांना विचारावे. उत्सव समितीच्या बैठकीत, मग ती तासगावकडची असो वा आपल्या गल्लीतल्या दुर्गोत्सवाची, दोन-चार भगिनींनी जाऊन बसावे आणि तीन गोष्टी विचाराव्यात: दारू कोठून आली, ती कोठे ठेवली आहे आणि पेटविणार कोण? ह्या प्रश्नांनी उत्सवाचा रंग उतरत नाही. ज्या घरातले हात त्या दारूला लागतात, त्या घराला हे विचारण्याचा हक्क सर्वांत आधी आहे.