ऐंशी शिलिंग, पन्नास मार्क आणि माझी एक चूक

हेडफोन लावलेत? आजच्या भागात इतिहास आहे, पण तो पिंपात भरलेला आहे. आधी कायद्याचं बोलून घेऊ. महाराष्ट्रात बीअरसाठी वयाची 21 वर्षं पूर्ण लागतात. त्याच्या आतले असाल तर फक्त ऐका, ऐकायला परवाना लागत नाही.

तर गोष्ट 2014 सालची. मी एडिंबराला ब्रुइंग शिकत होते. घरी "फूड टेक्नॉलॉजी" असं सांगितलं होतं, आणि ते काही खोटं नाही. आईनं फोनवर विचारलं होतं, "म्हणजे बिस्किटं वगैरे का गं?" मी म्हटलं, साधारण तसंच, धान्याचंच आहे. फेब्रुवारीतला एक शनिवार, एका जुन्या चर्चचा हॉल, आणि तिथे घरी बीअर बनवणाऱ्या हौशी लोकांची स्पर्धा. मी शिकाऊ परीक्षक. शेजारी वीस वर्षं हेच करणाऱ्या एक बाई. समोर प्लास्टिकचे ग्लास, पाण्याचा जग, साध्या पावाचे तुकडे आणि टोक केलेल्या पेन्सिली. आमच्या टेबलावर वर्ग आला होता स्कॉटिश एल.

बीअर तपासतात कशी, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. वाटतं की घोट घेतला, "वा!" म्हटलं, झालं. तसं नसतं. बीजेसीपी नावाची अमेरिकन संस्था आहे, 1985 पासूनची, तिचा पन्नास मार्कांचा कागद जगभर चालतो. वासाला 12, दिसण्याला 3, चवीला 20, तोंडात कशी लागते त्याला 5 आणि एकूण ठशाला 10. दिसण्याला फक्त तीन मार्क, हे ऐकून इन्स्टाग्रामवाल्यांना वाईट वाटेल. पण नाकाला बारा आहेत बघा. बाटली उघडून ग्लासात ओतली की पहिलं काम हुंगणं, कारण काही वास मिनिटाभरात उडून जातात. मग उजेडात धरून रंग आणि फेस बघायचा. मग घोट. वाइनवाले थुंकतात, आम्ही गिळतो. हॉप्सचा कडूपणा घशाशी मागाहून येतो, तो थुंकून कसा कळणार?

बाटलीवर नाव नसतं, फक्त क्रमांक. दोन परीक्षक एकमेकांशी न बोलता मार्क देतात आणि मग तुलना करतात. फरक साधारण सातच्या आत आणायचा असतो.

दोष ओळखायचीही एक बाराखडी असते. पॉपकॉर्नवरच्या लोण्यासारखा वास आला तर डायअसिटिल, यीस्टनं काम अर्धवट सोडलंय. उकडलेल्या कणसाचा वास आला तर डीएमएस. ओल्या पुठ्ठ्याचा आला तर बाटलीत हवा गेलीय, बीअर म्हातारी झालीय. कच्च्या हिरव्या सफरचंदाचा आला तर घाई झालीय. मी हे सगळं घोकून गेले होते. आणि चांगल्या स्कॉटिश एलचे शब्द माझ्याकडे इंग्रजीपेक्षा मराठीत जास्त होते. कारण ही बीअर मुळात माल्टची, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाची. आपण नाचणीचं सत्त्व करतो ना, भिजवून, मोड आणून, वाळवून, तेच तत्त्व. त्यामुळे चवी ओळखीच्या असतात. खरपूस भाजलेली पोळी, इराण्याकडचा टोस्ट, थोडी काकवी, गुळाचा पाक एकतारी व्हायच्या आधीचा वास. कडूपणा आहे, पण तो पानात मीठ असावं तेवढाच.

तिसरी बाटली उघडली आणि हॉलमध्ये शेकोटी पेटल्यासारखं झालं. धूर! पीटचा धूर. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं साचलेला अर्धवट कुजलेला झाडपाला. कापून वाळवला की गोवरीसारखा जळतो. या धुरावर वाळवलेलं माल्ट काही व्हिस्क्यांमध्ये वापरतात, विशेषतः आयला बेटावरच्या. हो, बेटाचं नाव खरंच आयला आहे, मी शिवी दिलेली नाही. मला वाटलं, हीच ती! डोंगर, धुकं, किल्ले, सगळं एका ग्लासात. मी 41 मार्क दिले.

सहावी बाटली साधी होती. तांबूस, स्वच्छ, मऊ. धूर नाही. गोडवा बेताचा. मी 26 दिले आणि खाली लिहिलं, "चांगली बनवली आहे, पण स्कॉटिश वाटत नाही. धूर कुठे आहे?"

शेजारच्या बाईंनी सहाव्या बाटलीला 33 दिले होते. बरोबर सातचा फरक. त्या माझ्या कागदाकडे बघत राहिल्या, म्हणाल्या काही नाहीत. मी दोन मार्क वाढवले आणि वाक्य तसंच ठेवलं.

निकाल लागल्यावर सत्तरीचे एक गृहस्थ हातात माझा कागद घेऊन आले. रागावले नव्हते, हेच जास्त अवघड होतं. म्हणाले, "माझे वडील एडिंबराच्या ब्रुअरीत पिंपं धूत होते. मी जी बनवली, ती त्यांच्या वेळच्या नोंदवहीवरून. त्या वहीत धूर नव्हता. तो तू कुठून आणलास, तेवढं सांग."

मी सांगू शकले नाही. "पुस्तकात आहे," एवढंच म्हटलं. आणि होतंही! बीजेसीपीच्या 2008 च्या मार्गदर्शिकेत स्कॉटिश एलच्या वर्णनात पीटच्या हलक्या धुराला जागा दिलेली होती. म्हणजे चूक माझी एकटीची नव्हती. पण त्या माणसाला त्याच्याच गावात, त्याच्याच बीअरबद्दल "ही स्कॉटिश वाटत नाही" असं लिहून देणारी मीच होते. सांगलीची मुलगी, एडिंबरात आल्याला जेमतेम पाच महिने झालेले.

मग मी शोधायला लागले. आता इथून खरा इतिहास.

आधी नावं. स्कॉटलंडमध्ये बीअरला शिलिंगवरून ओळखतात. साठ शिलिंग, सत्तर शिलिंग, ऐंशी शिलिंग. एकोणिसाव्या शतकात एका पिंपाची ठोक किंमत अशी सांगितली जायची. बीअर जितकी कडक तितकी महाग. साठवाली हलकी, ती लाइट. सत्तरवाली हेवी. ऐंशीवाली एक्सपोर्ट. त्याच्या वरची, छोट्या बाटलीत मिळणारी दणकट ती वी हेवी. गंमत अशी की किंमती बदलल्या, युद्धं झाली, कर वाढले, बीअर पातळ झाली आणि नावं तशीच राहिली. 15 फेब्रुवारी 1971 ला ब्रिटननं दशमान नाणी आणली, शिलिंग हिशेबातून गेलं, आणि त्याच दशकात पिंपातल्या जुन्या एलची चळवळ उभी राहिली तेव्हा ही शिलिंगची नावं पुन्हा पाट्यांवर मिरवायला लागली. आपल्याला हे कळायला अजिबात कठीण नाही. आपल्याकडे आणे 1957 ला गेले, पण गोष्ट अजून सोळा आणे खरी असते.

आता त्या दंतकथा. मी शिकताना तीन ऐकल्या होत्या. पहिली, स्कॉटलंडमध्ये हॉप्स पिकत नाहीत, वर हॉप्स इंग्रजांचे, म्हणून स्कॉटिश लोक ते टाकतच नसत. दुसरी, ते उकळी तासन्‌तास देत, रस कढईत करपून कॅरॅमल होई, म्हणून रंग गडद. तिसरी, आपला धूर.

पहिली तर विचार केला तरी पडते. आपल्याकडे हिंग कुठे पिकत होता? पिढ्यानपिढ्या अफगाणिस्तान-इराणकडून येतोय, म्हणून फोडणी थांबली का? एडिंबराच्या ब्रुअऱ्या केंटमधून आणि परदेशातून हॉप्स मागवत होत्या. आणि त्याहून मोठा पुरावा आपल्याच किनाऱ्यावर आहे. एडिंबराचं पाणी क्षारांचं, जड. कडवट पेल एलला ते मानवतं. एकोणिसाव्या शतकात तिथल्या ब्रुअऱ्या इंडिया पेल एल बनवून हिंदुस्थानात धाडत होत्या. विल्यम यंगर हे त्यातलं मोठं नाव. 1856 ला फाउंटन ब्रुअरी काढणाऱ्या विल्यम मॅक्यूअनचंही बस्तान निर्यातीवर बसलं. इंडिया पेल एल म्हणजे भरपूर हॉप्सची बीअर. हॉप्सचा तिटकारा असलेले लोक ती बनवून समुद्रापार विकतील? (जाता जाता, किंगफिशरवाली युनायटेड ब्रुअरीज 1915 ला उभी केली तो थॉमस लीशमनही स्कॉटिशच. त्यावर वेगळा भाग करता येईल.)

बाकीच्या दोनांसाठी कागद बघावे लागले. ग्लासगो विद्यापीठाकडे स्कॉटिश ब्रुइंग अर्काइव्ह आहे. बंद पडलेल्या ब्रुअऱ्यांच्या नोंदवह्या तिथे जपल्यात. मी दोन दिवस जाऊन बसले. जाडजूड वह्या, तिरपं अक्षर, आणि रोजच्या प्रत्येक घाण्याची एकेक ओळ. माल्ट किती, साखर किती, हॉप्स किती पौंड, किती वेळ उकळलं, तापमान किती. या वह्या नीट वाचणारा माणूस म्हणजे रॉन पॅटिन्सन, बीअरचा इतिहासकार, ॲमस्टरडॅमला राहतो. त्यानं वर्षानुवर्षं हे आकडे काढून मांडलेत, आणि त्यातून दिसतं ते असं. उकळण्याचा वेळ इंग्लंडसारखाच. हॉप्सही त्याच मापात. धुराच्या माल्टची नोंदच नाही. गडद रंग? पहिल्या महायुद्धानंतर बऱ्याच ठिकाणी तो चक्क कॅरॅमलचा रंग घालून आणलेला. एकाच घाण्यातून साठ, सत्तर आणि ऐंशी शिलिंग निघत, कमी-जास्त पातळ करून. आणि "अस्सल परंपरा" म्हणतो त्या वह्यांत मका आणि साखर सर्रास दिसते, कारण 1880 च्या कायद्यानं ब्रिटनमध्ये ब्रुअरला काय घालायचं त्याची मोकळीक मिळाली होती. मला स्वतःला हे वाचून जरा खट्टू व्हायला झालं. किल्ल्याच्या जागी गोदाम निघावं तसं.

एक मात्र खरं निघालं. एकोणिसाव्या शतकात डब्ल्यू. एच. रॉबर्ट्सनं स्कॉटिश एल बनवण्यावर पुस्तक लिहिलं, त्यात थंड तापमानाला सावकाश आंबवण्याची पद्धत आहे. म्हणून ती जुनी एल मऊ लागायची. म्हणजे सगळंच बनावट होतं असंही नाही. खरं काय आणि चिकटवलेलं काय, ते ओळीओळीनं बघावं लागतं.

मग धूर आला कुठून? माझं मत सांगते. तो व्हिस्कीच्या बाटलीतून आला. मोठ्या ब्रुअऱ्या होत्या एडिंबरा-अलोआच्या सपाट भागात, जिथे कोळसा खाणीतून निघत होता. त्या गोवऱ्या कशाला जाळतील? पण विसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत घरगुती बीअरची लाट आली, तेव्हा तिथल्या हौशी लोकांना स्कॉटलंड माहीत होतं ते व्हिस्कीमुळे. ग्रेग नूनन या व्हरमाँटच्या ब्रुअरनं 1993 ला "स्कॉच एल" हे पुस्तक लिहिलं. जिद्दीचं काम आहे, मी आजही उघडते, पण त्यानंतर या दंतकथा नियमांसारख्या पसरल्या. लोक धूर घालायला लागले, परीक्षक धूर शोधायला लागले, धूरवाल्यांना बक्षिसं मिळाली, म्हणून आणखी लोक घालायला लागले. मार्कांच्या कागदानं इतिहास तयार केला! माझे 41 मार्क त्याच माळेतले.

2015 ला मार्गदर्शिका बदलली. पीटचा धूर या वर्गातून काढला, धुराची बीअर हवी तर धुराच्या वर्गात पाठवा असं ठरलं. धूरवाली बीअर वाईट असते असं मी म्हणत नाहीये, हं. मला ती अजून आवडते. फक्त तिच्या नावाखाली दुसऱ्याला नापास करू नका.

त्या गृहस्थांना मी जूनमध्ये पुन्हा भेटले. ग्लासगोहून उतरवून आणलेली पानं दाखवली. त्यांनी ती चष्मा लावून वाचली, एका आकड्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हॉप्स मी कमी घातले म्हणजे." मग फडताळातून त्याच खेपेची शेवटची बाटली काढली आणि समोर कोरा कागद ठेवला. ते खुर्ची ओढून समोर बसले. असं समोर बसून कुणी परीक्षा घेत नाही, पण नाही कसं म्हणणार?

मी हुंगलं. टोस्ट, काकवी, मागे किंचित मातकट हॉप्स. रंग जुन्या तांब्याच्या घंगाळासारखा. घोट मऊ, शेवट कोरडा. आणि अगदी मागे, गिळल्यावर, काहीतरी. मी पुन्हा हुंगलं. लिहावं की नको, दोन मिनिटं पेन्सिल तशीच हातात होती. शेवटी लिहिलं, "ओला पुठ्ठा, थोडासा." 35 मार्क.

त्यांनी कागद ओढून घेतला, वाचला, आणि स्वतःच्या ग्लासात नाक घातलं.

"आहे," ते म्हणाले. "चार महिने झाले ना बाटलीला. आता बरोबर तपासलंस."